गाणारा अकाली जातो तेव्हा : प्रस्तावना

केशवराव भोसले गेले तेव्हा ३१ वर्षांचे होते. दत्तात्रेय विष्णू पलुस्कर ३४, मास्टर दीनानाथ मंगेशकर ४१. जुन्या गाण्यांच्या गप्पा रंगल्या की ही नावं निघतात. आधी गळ्याचं कौतुक होतं, मग वयाची हळहळ होते. गप्पा आणखी लांबल्या की कुठल्या ना कुठल्या गायकाबद्दल कुणीतरी खुर्ची पुढे ओढतं आणि आवाज उतरवून म्हणतं, "खरं कारण कधी बाहेर आलंच नाही." त्यापुढे विड्यातून दिलेला शेंदूर असतो, दुधातला पारा असतो, करणी असते, नाहीतर घरातल्याच कुणाचा हात असतो.

हे पुस्तक त्या उतरवलेल्या आवाजाबद्दल आहे. प्रसिद्ध गायक अकाली गेल्यावर कटाच्या, विषाच्या, घातपाताच्या कथा का उठतात, त्यांत खरं किती असतं आणि त्या कुणाचं काय बिघडवतात, हा त्याचा विषय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. अशी संशयकथा बहुतेक वेळा प्रेमापोटीच जन्मते, पण ज्याच्यावर प्रेम आहे त्यालाच ती अन्याय करते. त्याच्या मरणाचं खरं कारण ती पुसून टाकते, एखाद्या निरपराध माणसावर जन्मभराचा कलंक लावते आणि जे सुधारता आलं असतं त्याकडे आपल्याला पाठ फिरवायला लावते.

मी काशीमीऱ्याला राहतो. महामार्गालगत, दहिसर चेकनाक्याच्या अलीकडे, आमच्या महापालिकेचं नाट्यगृह आहे : भारतरत्न लता मंगेशकर नाट्यगृह. या एका नावात माझ्या विषयाचे तीन धागे एकत्र येतात. लताबाईंचे वडील ४१ व्या वर्षी गेले. स्वतः लताबाईंवर विषप्रयोग झाल्याची गोष्ट त्यांनीच सांगितली. आणि ६ फेब्रुवारी २०२२ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, त्या गेल्या तेव्हाही अफवेने त्यांना सोडलं नाही. शिवाजी पार्कवर अंत्यदर्शनाला आलेल्या शाहरुख खानने दुआ मागून मास्क खाली करून फुंकर घातली. ती फुंकर म्हणजे थुंकणं, असा गवगवा काही तासांत देशभर झाला. ज्या मृत्यूत संशयाला तसूभर जागा नव्हती, तिथेही लोकांनी अपराधी शोधलाच. मग तरुणपणी गेलेल्यांच्या वाट्याला काय येत असेल, याची कल्पना करता येते.

सुरुवात दीनानाथांपासून करू. २९ डिसेंबर १९०० चा जन्म, गोव्यातलं मंगेशी गाव, आणि ऐकणाऱ्याला जागेवर खिळवणारा पल्लेदार, चपळ गळा. १९१८ मध्ये चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह त्यांनी 'बलवंत संगीत मंडळी' काढली. गडकरी, वीर वामनराव जोशी, सावरकर यांची नाटकं या मंडळीने रंगभूमीवर आणली. पुढे १९३१ मध्ये 'आलम आरा' आला, १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलू लागला आणि नाटक मंडळ्यांचा प्रेक्षक बघता बघता बोलपटाच्या तंबूकडे वळला. बलवंत मंडळीनेही चित्रपटात उडी घेतली, त्यात ती बुडाली. कर्ज झालं, बिऱ्हाड बदलत राहिलं, व्यसनाने शरीर पोखरलं. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात दीनानाथ गेले. थोरली लता तेव्हा १२ वर्षांची होती.

दीनानाथांचा ज्योतिषाचा व्यासंग होता. स्वतःच्या मृत्यूचं भाकीत त्यांनी आधीच करून ठेवलं होतं, ही कथा आजही सांगितली जाते आणि ऐकणारा गंभीर होऊन मान डोलावतो. मुलांनी ही आठवण जपली असेल, तर तिच्यामागची माया मला कळते. बाप कर्जाखाली दबून गेला, यापेक्षा बाप आपला दिवस ठाऊक असलेला द्रष्टा होता, ही आठवण सोसायला सोपी जाते. पण आपण, म्हणजे श्रोत्यांनी, तिच्यावर थांबता कामा नये. मृत्यू पत्रिकेत लिहिलेला होता असं एकदा मानलं, की नाटक मंडळीचा हिशेब, बोलपटाने उठवलेला बाजार, दोन दशकं रात्ररात्र जागणारं शरीर आणि त्याला सावरायला नसलेली कुठलीही व्यवस्था, हे सगळं गोष्टीतून गळून पडतं. दीनानाथांचा बळी घेणाऱ्या गोष्टी डोळ्यांसमोर होत्या. त्यांच्यात गूढ काही नव्हतं, म्हणूनच त्या लक्षात राहिल्या नाहीत.

लताबाईंच्या विषप्रयोगाची गोष्ट वेगळी आहे. ती ऐकीव नाही. नसरीन मुन्नी कबीर यांना दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत त्यांनी ती स्वतः सांगितली. १९६२ च्या सुमारास एके दिवशी पहाटे पोटात कालवाकालव झाली, उलट्या झाल्या, अंग हलेना. डॉक्टरांनी घरीच क्ष-किरण यंत्र आणलं आणि हळूहळू विष दिलं जात असावं असं निदान केलं. घरात स्वयंपाक करणारा नोकर त्याच दिवशी, पगारही न घेता, निघून गेला. सुमारे तीन महिने त्या अंथरुणाला खिळून होत्या. स्वयंपाकघर धाकट्या बहिणीने, उषाताईंनी, हातात घेतलं. मजरूह सुलतानपुरी रोज संध्याकाळी येत, लताबाईंसाठी केलेलं अन्न आधी स्वतः चाखत आणि मग गोष्टी सांगत, कविता म्हणत बसत. पुरावा हाती नसल्याने कारवाई केली नाही, असंही लताबाईंनी सांगितलं.

इथवर एका माणसाची साक्ष आहे, आणि ती आदराने ऐकली पाहिजे. तिच्या पुढे जे वाढत गेलं त्याची जात निराळी. आमच्या नाट्यगृहात नाट्यगीतांचा कार्यक्रम सुटल्यावर फाटकापाशी रिक्षाची वाट पाहत उभे असताना शेजारचे एक आजोबा म्हणाले, "त्या आचाऱ्याला कुणी पाठवलं होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे." मी विचारलं, "कुणी, आजोबा?" ते म्हणाले, "नाव कशाला घ्यायचं? सगळ्यांना ठाऊक आहे." त्यांच्या मागे उभ्या असलेल्या बाईंनी मात्र नाव घेतलं. तेवढ्यात त्यांच्या यजमानांनी दुसरं नाव घेतलं. तिघांचाही लताबाईंवर जीव होता. पण 'सगळ्यांना ठाऊक आहे' या तीन शब्दांनी पुराव्याची जागा घेतली होती, आणि ज्यांची नावं घेतली गेली ती माणसं उत्तर द्यायला हयात नाहीत. ज्या बाईने आपल्या हयातीत जाहीरपणे कुणाचं नाव घ्यायचं टाळलं, तिच्या चाहत्यांनी ते रस्त्यावर उभं राहून घ्यावं, हे तिच्या संयमाशी विसंगत आहे.

गाणाऱ्याला विष देण्याची कल्पना आपल्याकडे फार जुनी. प्रतिस्पर्ध्याने विड्यातून शेंदूर चारला आणि बुवांचा गळा बसला, अशी गोष्ट निरनिराळ्या घराण्यांत निरनिराळ्या नावांनी ऐकू येते. शेंदूर म्हणजे शिशाचं संयुग. शिसं शरीरात साठतं, पोटात कळा आणतं, रक्त आणि मज्जातंतू बिघडवतं. पण बाकी सगळं शरीर सोडून ते नेमका गळाच पकडत नाही. आवाज बसण्याची नेहमीची कारणं दुसरी आहेत : ध्वनिवर्धक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचं गाणं, रात्रीचं जागरण, तंबाखू, दारू, छातीचे विकार आणि उपचाराआधीच वाढलेली स्वरयंत्रावरची गाठ. ही कारणं सांगितली तर बुवांच्या दिनक्रमाकडे बोट जातं. शेंदूर सांगितला की ते शेजारच्या घराण्याकडे वळतं.

उत्तरेत याच साच्यातली सर्वांत प्रसिद्ध कथा मास्टर मदनची. जालंधरजवळच्या खानखाना गावचा हा मुलगा कोवळ्या वयात देशभर गाजला आणि ५ जून १९४२ रोजी सिमल्याला वारला. वय १४. त्याच्या आवाजातल्या मोजक्याच ध्वनिमुद्रिका आज उरल्या आहेत. कुणी मत्सराने दुधातून पारा पाजला, असं तेव्हापासून सांगितलं जातं. कुठे पाजला, यावर मात्र एकमत नाही. शहरं बदलतात, माणसं बदलतात, दूध आणि पारा तेवढे कायम राहतात. युरोपातही हेच घडलं. ५ डिसेंबर १७९१ रोजी मोत्सार्ट ३५ व्या वर्षी गेला आणि सालिएरी या संगीतकाराने त्याला विष दिलं अशी आवई उठली. पुश्किनने १८३० मध्ये तिच्यावर नाटक लिहिलं, १९७९ मध्ये पीटर शॅफरचं 'अमेडियस' आलं, पुढे त्याचा चित्रपट झाला. सालिएरीचं संगीत आज कितीजणांनी ऐकलंय? त्याच्यावरचा आरोप मात्र जगाला पाठ आहे. संशयकथा माणसाचं आयुष्यभराचं काम कसं गिळून टाकते, याचं हे सर्वांत ठळक उदाहरण.

आता केशवरावांकडे येऊ. कोल्हापूरचा हा गायकनट लहानपणीच रंगभूमीवर आला. १९०८ मध्ये, वयाची विशीही पूर्ण झाली नसताना, त्याने 'ललितकलादर्श' ही स्वतःची मंडळी उभी केली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं. धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व. मराठी नाट्यसंगीताची दोन शिखरं एकाच रात्री एका रंगमंचावर आली. त्यानंतर तीन महिनेही उलटले नाहीत तोच, ४ ऑक्टोबरला, केशवराव विषमज्वराने गेले. विषमज्वर म्हणजे आजच्या बोलण्यातला टायफॉइड. त्यावर गुण देणारं पहिलं औषध, क्लोरॅम्फेनिकॉल, वापरात आलं १९४८ मध्ये. तोवर टायफॉइडचा रोगी म्हणजे शुश्रूषा, पथ्य आणि दैव. गावोगाव दौरे करणाऱ्या मंडळीतला माणूस प्रत्येक मुक्कामी तिथलं पाणी पीत असे, आणि टायफॉइड पाण्यातून, अन्नातूनच येतो. केशवरावांना मारणारा कुणी असेलच, तर तो दूषित पाण्याचा घोट होता. हे वाक्य कुणाला रुक्ष वाटेल. मला ते कुठल्याही विषाच्या गोष्टीपेक्षा अस्वस्थ करणारं वाटतं, कारण त्यात एका पिढीचं सार्वजनिक आरोग्य उघडं पडतं.

पलुस्करांचंही तसंच. विष्णू दिगंबरांची बारा मुलं, त्यांतलं हे एकच वाचलं. वडील गेले तेव्हा दत्तात्रेय दहा वर्षांचा होता. विनायकबुवा पटवर्धन आणि नारायणराव व्यासांनी त्याला घडवलं. चौदाव्या वर्षी जालंधरच्या हरिवल्लभ संमेलनात तो गायला. 'बैजू बावरा'त अमीर खाँसाहेबांबरोबर त्याची जुगलबंदी आली १९५२ मध्ये, आणि ऑक्टोबर १९५५ मध्ये मेंदूज्वराने त्याला नेलं. अकरा भावंडं आधीच गेलेल्या घरात मृत्यूला कटाची गरज नव्हती. त्या काळच्या घराघरांतली बालमरणं आपण विसरलो, म्हणून चौतिसाव्या वर्षीचं मरण आपल्याला अनैसर्गिक वाटू लागलं.

मग संशय नेमका कुठून येतो? त्याचं एक मूळ आपल्या भाषेत आणि आपल्या कागदांत आहे. कुणी हॉटेलात, रस्त्यात किंवा कार्यक्रमानंतर एकाएकी गेलं, की पोलीस 'अकस्मात मृत्यूची नोंद' करतात. शवविच्छेदन होतं. डॉक्टर काही वेळा 'व्हिसेरा राखून ठेवतात', म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने रासायनिक तपासणीसाठी बाजूला काढतात. हा रोजच्या कामाचा भाग आहे. वर्तमानपत्रात मात्र 'व्हिसेरा राखून ठेवला' हे शब्द आले की वाचकाच्या मनात विष शिरतं. तपासणीचा अहवाल यायला आठवडे, कधी महिने लागतात. तेवढ्या रिकाम्या वेळात कथा तयार होते, पसरते, पक्की होते. अहवाल येतो तेव्हा तो आतल्या पानावर चार ओळींत छापला जातो.

३१ मे २०२२ ला हे सगळं आपण पाहिलं. कोलकात्याच्या नझरुल मंचावर गाऊन केके हॉटेलवर परतले आणि कोसळले. वय ५३. चेहऱ्यावर, ओठांवर खुणा दिसल्याची बातमी आली, पोलिसांनी अनैसर्गिक मृत्यूची नोंद केली आणि रातोरात घातपाताची चर्चा सुरू झाली. शवविच्छेदनात हृदयविकार निघाला, घातपाताची शक्यता फेटाळली गेली. सभागृहातली गर्दी, उकाडा, वातानुकूलन, अस्वस्थ वाटू लागलेल्या गायकाकडे कुणाचं लक्ष होतं का, हे खरे प्रश्न होते आणि काहीजणांनी ते विचारलेही. पण 'मारेकरी कोण' या आरोळीपुढे 'सभागृहात डॉक्टर होता का' हा साधा प्रश्न फार काळ टिकला नाही.

संशय नेहमीच खोटा असतो, असा माझा दावा नाही. मुंबईत तर तसं म्हणवणारच नाही. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अंधेरीत देवळाबाहेर गुलशन कुमारांवर गोळ्या झाडल्या गेल्या. संगीताच्या धंद्यात खंडणी, धमक्या आणि खून होते, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं. २५ जून २००९ रोजी मायकल जॅक्सन गेला, तेव्हा संशय त्याच्या डॉक्टरवर गेला. तपास झाला, प्रोपोफॉल या भुलीच्या औषधाचा बेजबाबदार वापर सिद्ध झाला आणि २०११ मध्ये सदोष मनुष्यवधाच्या आरोपाखाली डॉक्टरला शिक्षा झाली. या दोन्ही ठिकाणी संशय पुराव्याच्या वाटेने न्यायालयापर्यंत गेला. जो संशय तपासाला तयार असतो तो नागरिकाचा हक्क आहे. जो तपासाचा निकाल लागल्यावर 'तपास करणारेही सामील आहेत' म्हणतो, त्याला कुठलंच उत्तर पुरणार नाही. अभिनेता सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूनंतर त्याच्या मैत्रिणीवर रोज रात्री दूरचित्रवाणीवर खटला चालला. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने तपास बंद करण्याचा अहवाल दिला. मधली जवळपास पाच वर्षं तिला कोण परत देणार?

एक अभ्यास इथे सांगण्यासारखा आहे. जिमी हेंड्रिक्स, जॅनिस जॉपलिन, जिम मॉरिसन, कर्ट कोबेन, एमी वाइनहाउस हे सगळे २७ व्या वर्षी गेले, म्हणून त्या वयाला शाप आहे अशी समजूत पाश्चात्त्य जगात पसरली. २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये संशोधकांनी ब्रिटनमध्ये अव्वल ठरलेल्या १,०४६ संगीतकारांची पाहणी मांडली. सत्तावीस या वयात वेगळं काही आढळलं नाही. आढळलं ते असं की विशी-तिशीतल्या प्रसिद्ध संगीतकारांना मृत्यूचा धोका सामान्य ब्रिटिश माणसाच्या दुप्पट-तिप्पट होता. शाप खोटा ठरला, धोका खरा निघाला. मात्र जगाच्या लक्षात शापच राहिला.

मृत्यूच्या कारणाचा जो वैद्यकीय दाखला डॉक्टर भरतात, तो वाचकाने एकदा नीट पाहावा असं मला वाटतं. त्यात कारणाला एकच रकाना नसतो. पहिल्या ओळीत मृत्यूचं तात्काळ कारण लिहायचं, दुसरीत ते ज्यामुळे उद्भवलं ते, तिसरीत सगळ्याच्या मुळाशी असलेला आजार. शेजारी प्रत्येकाचा काळ : इतके तास, इतके दिवस, इतकी वर्षं. खाली हातभार लावणाऱ्या इतर गोष्टींना जागा. एका साध्या सरकारी कागदाला जे कळतं ते आपल्या गप्पांना कळत नाही. माणूस एका क्षणी मरतो, पण त्याचं मरण अनेक वर्षं घडत आलेलं असतं. दीनानाथांसाठी असा दाखला मनातल्या मनात भरून पाहिला, तर तळाच्या ओळीत मला १९३० च्या दशकातलं कर्ज दिसतं.

हे लिहिताना माझ्या भोवतालचे आणखी काही गळे मला विसरता येत नाहीत. काशीमीऱ्याच्या महामार्गालगत ऑर्केस्ट्रा बार आहेत. तिथे गाणारे मुलगे-मुली कोंदट हॉलमध्ये, सिगारेटच्या धुरात रात्र रात्र जुनी-नवी गाणी म्हणतात. आज काम आहे, उद्या छापा पडला की नाही. त्यांच्यातलं कुणी तिशीत गेलं, तर वर्तमानपत्रात ओळ येत नाही, व्हिसेऱ्याची चर्चा होत नाही, कुणी आवाज उतरवून आतली गोष्ट सांगत नाही. संशयकथेचा मानही प्रसिद्धांनाच मिळतो. आपल्याला खरोखर गाणाऱ्याच्या अकाली मृत्यूची चीड असती, तर ती या मृत्यूंपाशीही पोचली असती. ती पोचत नाही, यावरून मला वाटतं की आपला शोक पुष्कळदा आपल्या हरवलेल्या गाण्यासाठी असतो. गाणाऱ्या माणसाचा त्यात विचार फार थोडा असतो.

पुढच्या प्रकरणांत मी प्रत्येक कथेला तेच चार प्रश्न विचारले आहेत. ही गोष्ट पहिल्यांदा कुणी आणि कधी सांगितली? सांगणारा तिथे होता का? त्या काळच्या वैद्यकाला, पोलिसांना, घरच्यांना काय ठाऊक होतं? आणि ही कथा मानली तर कुठली खरी गोष्ट दिसेनाशी होते? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण संशयकथेचं मोठं नुकसान तिच्या खोटेपणापेक्षा तिने झाकलेल्या खऱ्यात असतं. काही ठिकाणी या प्रश्नांनी कथा कोसळते. काही ठिकाणी, लताबाईंच्या साक्षीसारखं, जे उरतं ते उरलंच पाहिजे, आणि त्यापुढे आपण गप्प राहायला शिकलं पाहिजे.

वाचकाकडून माझी मागणी एवढीच आहे. पुढच्या वेळी एखादा गायक अकाली गेल्याची बातमी आली आणि फोनवर 'आतली गोष्ट' आली, तर ती पुढे ढकलण्याआधी अहवालाची वाट पाहा. अहवाल आला की तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. मग जो आज तुमच्यासमोर गातो आहे त्याच्याबद्दल विचारा : सभागृहात हवा खेळते का, विंगेत डॉक्टर आहे का, मानधन वेळेवर मिळतं का, आजारी पडला तर त्याच्या पाठीशी विमा आहे का. अकाली मृत्यूचा राग काढायचाच असेल, तर तो या प्रश्नांवर काढू या. त्यांची उत्तरं मिळवणं आपल्या हातात आहे.

काशीमीरा, मीरा-भाईंदर